हात मोजताना

समाजमंदिरात सतरंजी कमी पडली,
म्हणून आम्ही बाया दाराशी, चपलांजवळ.
ग्रामसेवक म्हणाला, तंटामुक्तीला
डोमाजी नेवारेच ठेवायचे का अजून एक साल?
हात वर करा.

दोन वर्षांमागं याच माणसानं
माझा धुरा सव्वा हात आत सरकवला.
दोर धरून मोजलं, भर उन्हात, दोनदा.
दोर खोटा नव्हता, हे मलाही ठाऊक.
त्या सव्वा हातात माझी अंबाडी व्हायची.

डोमाजी कोणाकडंच बघत नव्हते.
चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली,
तीच पुन्हा पुन्हा आवळत होते.
पोरीच्या लग्नात त्यांच्या
अर्ध्या पत्रावळी तशाच राहिल्या म्हणतात.
मीही गेले नव्हते.

पंचेचाळीस, सेहेचाळीस...
कोतवाल बोटानं हवेत गाठी मारत आला.
डोमाजींच्या सख्ख्या भावाचा हात खिशात.
माझ्या कानाशी गांधीलमाशी घोंगावली,
हाकलायला मी हात उचलला.

सत्तेचाळीस, कोतवाल म्हणाला.

माशी गेली.
हात मी लगेच खाली नाही घेतला.

घरी येऊन सांगितलं,
माशी होती.