तळवा

कियोसुमीच्या कालव्यामागे निळा पडदा,
आत आठ खुर्च्या, सायप्रसची एक लांब फळी
रोज घासून घासून
मधोमध जरा खोलगट झालेली.

ओनिझुका-सान बोलत नाहीत.
मासाच बोलतो, असंही म्हणत नाहीत.
सुरी पुसतात, बस्स.

कोहादाचं एक आहे:
वाढतो तसं त्याचं नाव बदलतं.
लहानपणी शिन्को, मग कोहादा,
थोराड झाला की कोनोशिरो,
त्याला मग फारसं कुणी विचारत नाही.
हे मला सांगितलं हिसाए-सान यांनी,
सहाव्या खुर्चीवरून. सातवी
त्यांचे यजमान गेल्यापासून मोकळी.

या हिवाळ्यात भात सुटू लागलाय.
मूठ तीच, दोन बोटं तीच,
पण उचलताना चारदोन शितं मागे राहतात.
शितावरून भात ओळखणारी माणसं इथली,
ओळखल्याचं दाखवत नाहीत.
दाराजवळचा टॅक्सीवाला बोटाने शितं टिपतो,
खातो, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.
शिकाऊ पोरगा अंड्याच्या तव्यात बघत राहतो.

काल त्यांनी कोहादा वळला,
ठेवायला हात पुढे आला
आणि मध्येच थांबला, थरथरत.
हिसाए-सान यांनी पाट बाजूला सारला,
तळवा धरला
तीर्थ घेताना धरतात तसा.

घास हातावर, हातातून तोंडात.
एक शीत सांडलं नाही.

मग टॅक्सीवाल्याने हात पुढे केला.
मग मी.

बिल नेहमीसारखंच, ब्रशने लिहिलेलं.
आकडे जरा तिरके.
बेरीज बरोबर.