एकोणीसचा पाना

महिन्यात तीन डबे ओतले.
जमिनीवर थेंब नाही, सांध्यांना ओल नाही,
साबणाचा फेस लावून पाहिला, बुडबुडा नाही.
तरी साइट ग्लासमधली रेघ
रोज बोटभर खाली.
पोरवाल शेठ म्हणाले, "बाहेर विकता का रे?"

गुलटेकडी. मे. रात्रीचे दोन.
आत चिंचेची चारशे पोती, बेदाण्याची खोकी,
आणि चारवर थांबायचा काटा
नवावर जाऊन बसलेला.

दस्तगीर मिस्त्रींनी कॉइलवर हात ठेवला,
म्हशीच्या पाठीवर ठेवतात तसा, सपाट.
वरच्या नळ्यांवर बर्फ,
खालच्या चार कोरड्या.
"इथं बसलंय सगळं.
गॅस फिरून घरी येतो. तेल गॅसबरोबर निघतं,
थंडीत जड होतं, राहतं.
लाइन ओढणाऱ्यानं चढाला पाइप घातलाय मांडीएवढा,
खाली वळणही नाही.
एवढ्या रुंद रस्त्यात गॅस रेंगाळतो.
तेलाला उचलून आणणार कोण?"

औंधच्या आयटीआयला मी
दोन वर्षांसाठी म्हणून आलो होतो.
एकोणीस झाली.
करमाळ्याची माती, आमची विहीर,
असं काहीतरी मी बोलायला लागलो.
"उदाहरणं नंतर दे," मिस्त्री म्हणाले,
"आधी एकोणीसचा पाना दे."

गॅस काढून घेतला. हॅलोजन लावून कॉइल शेकली.
खालचं तोंड सोडलं.
आधी काहीच नाही.
मग काकवीसारखी एक काळी जीभ
बाहेर आली, थांबली,
आणि मग आलंच आलं.
तिन्ही डबे भरले.
वर तांब्याभर उरलं.
"हे पहिल्या दिवसाचं," मिस्त्री म्हणाले,
"कंपनीतून आलेलं."

मी डबा उचलून कंप्रेसरकडे निघालो.
"वेडा का? ते आता चालत नाही.
ओल धरलीय त्यानं. नवीन फोड."

पहाटेपर्यंत जुना चढ कापला,
बारीक पाइप, खाली वळण, डाग दिला.
डोळ्यांत धूर. पाठीत ती नेहमीची कळ.
यार्डात कोथिंबिरीचे टेम्पो लागत होते,
हमाल चहाला उभे.

तांब्यातलं तेल मिस्त्रींनी
शटरच्या पट्ट्यांत ओतलं, जुन्या ब्रशनं फिरवलं.
सात वाजता शेठनी शटर उचललं
आणि दचकले:
आवाजच नाही.

काटा सहावर होता.
मी हात पुसले, वास गेला नाही,
त्याच हातानं घरी फोन लावला.
आई म्हणाली, "एवढ्या सकाळी? काय झालं?"
म्हटलं, काही नाही.
तेल सापडलं.