गाळलेलं रीळ

तिसरा भाग मी पुन्हा लावला
पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये, शनिवारी, आवाज कमी ठेवून.
पहिले दोन रेवतीने सुट्टीत दोनदा पाहिले.
ह्यात ती मध्यंतरापर्यंतच टिकली,
उशी पोटाशी धरून झोपली
तेव्हा यान नुकतं शनीच्या पलीकडे गेलं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी
नाशिकरोडच्या टॉकीजमध्ये, बारा ते तीन, हिंदीत.
परग्रहवाले शुद्ध हिंदीत धमक्या द्यायचे,
बाल्कनीत उसाच्या रसाचा वास यायचा,
का ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
शेजारी हिरामण गांगुर्डे.
बाप प्रेसमध्ये नोटा मोजायचा,
ह्याच्या खिशात मात्र कायम बसपुरते सुट्टे.
शुक्रवारीच बघून आलोय, म्हणाला,
तुझ्यासाठी परत येतोय.

मग लोडशेडिंग.
जनरेटर दोनदा खोकला आणि बसला.
शिट्ट्या. कुणीतरी खुर्ची मोडली.
हिरामण म्हणाला, थांब, पुढचं सांगतो.

कॅप्टनचा धाकटा भाऊ तुटक्या शटलमध्ये,
हवा चार तासांची, इंधन एकाच बाजूला पुरेल इतकं.
ती यान वळवते.
वळवते म्हणजे वळवतेच, कुणाचं ऐकत नाही,
दार उघडं ठेवते, दोरी टाकते.
दोरी? अंतराळात?
हो मग. नायलॉनची.

पाऊण तासाने पडदा उजळला
तर पृथ्वीवर सकाळ, लांबवर दोन माणसं, एक कुत्रं, संपलं.
पुढचा शो गाठायला ऑपरेटरने अख्खं रीळ गाळलं होतं.
लोक शिव्या देत बाहेर पडले.
मी नाही.
मला सगळं दिसलं होतं.

त्या वर्षी आमच्याकडे दादाचं ताट मांडत नव्हते.
नाव निघालं की आई कुकरच्या शिट्ट्या मोजायला लागायची.
हिरामणला हे माहीत होतं.
आमच्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही.

काल रात्री साडेबाराला ते रीळ पहिल्यांदा पाहिलं.
ती वळत नाही.
आकडे बघते, पुन्हा बघते,
भावाचा आवाज येतोय तो स्पीकर बंद करते
आणि थर्मासमधून काहीतरी ओतून घेते.
दोरी नाही.
शेवटच्या सकाळी तिच्याबरोबर चालतो तो यानावरचा डॉक्टर.
कुत्रंही त्याचंच.

मी अंबडला गेज घेऊन बसतो,
दहा मायक्रॉन इकडेतिकडे झाले की माल परत पाठवतो.
एकोणीस वर्षं हा एक नग
न मोजता पास करून ठेवला होता.

हिरामणला मेसेज टाकला: लेका, खोटं सांगितलंस.
तो ओझरला रात्रपाळीत जागाच होता.
म्हणाला, कोणता पिक्चर?
मग बऱ्याच वेळाने:
शुक्रवारी मी गेलोच नव्हतो रे.
दोन तिकिटांचे पैसे कुठे होते.

दादा सुरतेला असतो म्हणतात.

सकाळी रेवती ओट्यावर चढून बसली,
केस पिंजारलेले, गालावर उशीची घडी.
पप्पा, त्याला घ्यायला जातात ना परत?
दूध वर येत होतं.
मी गॅस बारीक केला.
म्हटलं, थांब,
इथलं एक रीळ जरा नीट सांगावं लागतं.