गणंग

आठ सलाइनी, मग ऑपरेशन,
मग पंधरा दिवस रिपोर्टची वाट.
डॉक्टरीणबाई कागदावर बोट ठेवून म्हणाली,
सागरबाई, थोडं राहिलं होतं.

थोडं म्हंजी किती?
तिनं करंगळीचं नख दाखवलं.
काढलंय ते, म्हणाली,
पण सलाइनीला बधलं नाही.
त्याचं बी कुठं सांडलं असंल तर…

पुढचं सांगायची गरज नव्हती.
एकोणीस वर्षं लातूरच्या डाळमिलीत
निवडायला बसतेय मी.
किती उकळा, किती शिट्ट्या होऊ द्या,
वरणात एखादा दाणा गणंग राहतोच.
दाताखाली आल्यावरच कळतं.

आता आधी शेक, पंधरा,
रविवार सोडून.
मग गोळ्या. चौदा दिवस घ्यायच्या, सात दिवस नाही,
पुन्हा चौदा.
तळहात सोलवटतील, म्हणाली, तळपायही.
बोटांचे ठसेसुद्धा जातात एखादीचे.

मला हसू आलं.
तिला वाटलं, बाई घाबरली.
अहो, रेशनच्या मशीनवर
माझा अंगठा तीन वर्षांपासून उमटत नाही.
तूर घेऊन गेली ते ठसे.

रात्री मात्र मी मोजलं.
चौदा न् सात, एकवीस. असे आठ.
पुढची तूर मिलीत येईल तोवर.

पण ते रात्री.
दुपारी बाहेर बाकावर धाकटा महारुद्र,
मांडीवर पेढ्यांचा पुडा.
सुटलीस ना, अक्का?

मी म्हटलं, दे एक.
आणि पेन काढ.
झाकणावर लिही,
तुझं अक्षर बरं आहे.