पांढरी पाच, जराशी चढी

शुक्रवार पेठेत माझ्या शिकवणीच्या खोलीमागे
एक डीपी आहे. राखाडी, गंजलेली,
पायाशी कायम कुणाची तरी शेळी बांधलेली.
आप्पालाल नदाफ ड्यूटी संपवून यायचा,
कमरेला पक्कड, नखांत ग्रीस,
आणि तबल्याची गवसणी सोडायच्या आधी
मागची खिडकी उघडायचा.
"मास्तर, ऐका की.
तुमचा तंबोरा रोज उतरतोय. ही बया उतरत नाही.
पांढरी पाच, जराशी चढी. बारा महिने."

मी हसायचो.
एकदा खरंच तिला धरून तारा लावल्या
आणि गप्प बसलो.

मग ते पुराचं साल.
बंधाऱ्यावर पाणी फुटाफुटानं चढलं,
डीपी बंद केली, शेळी कुणीतरी गच्चीवर नेली,
आणि पेठेचा सा गेला.
पाण्यानं वेढलेल्या गावात प्यायला पाणी नव्हतं.
मोटारी चालू करायच्या होत्या,
म्हणून तो नावेतून गेला
गंगावेशीपुढच्या खांबावर.

लाईन बंद होती. त्यानंच बंद केली होती, दोनदा तपासून.
करंट उलटा आला, कुणाच्या तरी घरातून,
जनरेटरचा.
कुणाच्या, ते निघालं नाही.
आमच्या गल्लीत तीन होते.
त्यातल्या एकावर त्या रात्री
माझा मोबाईल चार्ज होत होता.

वर्षानं शाळेच्या हॉलमध्ये मैफल ठरली.
बॅनरवर आधी 'कै.' छापून आलं,
मग त्यावर कागद चिकटवून 'मरहूम'.
साहेबांनी फ्रेम दिली: कर्तव्य बजावत असताना.
निवेदिका म्हणाली, आजचे स्वर त्यांना अर्पण.
मी विचार करत होतो, स्वर अर्पण करायचा म्हणजे
नेमका कुठं ठेवायचा?
फूल ठेवता येतं. फ्रेम टांगता येते.

दुपारीच खिडकीशी बसून तंबोरा लावला होता.
गोधडीत गुंडाळून रिक्षातून आणला,
बिंदू चौकातल्या खड्ड्यांनी तारा उतरवल्या.
विंगेत पुन्हा लावला, नुसत्या आठवणीनं.
तबल्याला बसगोंडा, इचलकरंजीचा पोरगा.
मोबाईलमधलं ॲप बघून म्हणाला, "सर, चुकतंय."
"चुकू दे. एवढंच चढव."
पेटीवाले बिडकर दोन पट्ट्यांमध्ये बोट शोधत राहिले.
"मास्तर, पेटीला मधली जागा नसते हो,"
म्हणाले, आणि उठून पहिल्या रांगेत जाऊन बसले,
हात मांडीवर, वर्गाबाहेर काढल्यासारखे.

मारवा गायलो.
त्यात सा-वर फार थांबायचं नसतं,
आजूबाजूनं फिरायचं, उंबऱ्यापर्यंत जायचं, परतायचं.
अर्धा तास मी असा परतत राहिलो.
शेवटी लावला तेव्हा
आवाज फाटला थोडा. लोकांना वाटलं, वय झालं.

कार्यक्रमानंतर जैतूनबी जिन्यात भेटल्या,
फ्रेम पिशवीत मावत नव्हती.
गाण्याबद्दल काही बोलल्या नाहीत.
"ह्यो पोरगा हळू वाजवतोय," म्हणाल्या,
"त्यांचा हात लई जड हुता. शेजारी भांडायला याची."
मला जनरेटरचं सांगायचं होतं.
मी फ्रेम रिक्षापर्यंत धरली.

रात्री अकराला लाईट गेली.
खिडकीमागचा सूर मधेच तुटला, पेठ काळी झाली,
आणि माझा हात सवयीनं
फोनकडे गेला.
नंबर अजून आहे. 'आप्पालाल वायरमन'.
अंधारात तो तेवढा उजळला.
मी तंबोऱ्याच्या खर्जाला हात लावून बसून राहिलो,
छेडली नाही.

अर्ध्या तासानं डीपी गुरगुरली, मग स्थिरावली.
गल्लीतली पोरं ओरडली, "आऽऽली!"
नेहमीसारखी, जणू ती आपली आपणच येते.

कुठल्या तरी खांबावरून आत्ता
कुणीतरी खाली उतरत असेल.
त्याचं नाव मला माहीत नाही.
उद्या विचारायला हवं.