तीन खांब

कळंब्याचं तळं डाव्या हाताला,
नजरेत न मावणारं.
सहा वाजलेत, धुकं सायीसारखं धरलंय.

कात्यायनीचा चढ लागला
की तळं दिसायचं बंद होतं.
उरते साखळीची कुरकुर
आणि पुढं इंदुताई चौगुल्यांच्या सायकलीचा
लाल मिचमिचा दिवा.
बावन्न वर्षांची बाई. मागं वळून बघत नाही.

माझे गिअर संपले.
गुडघा म्हणाला, काय नडलंय का?
तेवढ्यात उसाची ट्रॉली,
मुंगीच्या चालीनं, भुईला वाढं घासत.
ड्रायव्हरनं मान बाहेर काढली:
"धर की भावा, लाजतोस काय!"

धरली.
दोन मोळ्यांमधला ओला दोर,
शाळकरी पोरागत,
विजेचे तीन खांब मागं पडेतो.
मग सोडली.
का, ते मलाच ठाऊक नाही.

माथ्यावर ताई बाटली घेऊन उभ्या.
"आज लवकर आलास!"
खाली तळं, परातीएवढं.

उतारानं डोळ्यांतून पाणी काढलं.
गंगावेशीत म्हशीच्या धारेचा पेला
तोंडाला लावता लावता
सांगणारच होतो,
तर फेस मिशीला लागला,
आणि ताई म्हणाल्या,
"हाताला वाढ्याचा वास येतोय रं तुझ्या."