नांदायला

गंगावेशीत दूध पिताना बाबू मुल्लाणी म्हणाला,
"मग, नांदायला चाललास म्हण की!"
कट्टा हसला. मीही हसलो,
मिशीवरचा फेस पुसला.
खोटं काय होतं त्यात?

वैजयंता तीन वर्षं तिकडं रात्रपाळी करते,
परक्या म्हाताऱ्यांना कुशीवर वळवते.
मी शिरोलीत साच्यात वाळू ठोकतो.
फोनवर आम्ही सिलिंडर कधी आला
एवढंच बोलायचो,
तेही एकाला झोप येत असताना.

लग्न खरं आहे, याचा पुरावा मागितला होता.
पत्रिका दिली, पावत्या दिल्या, फोटो दिले.
एका फोटोत मी जेवतोय
आणि ती पंख्याकडं बघतेय.
वकील म्हणाला, हा काढा.
मी ठेवला.

निघताना आईनं तळहातावर दही घातलं
आणि थोरल्या बहिणीला सांगितलं होतं
तेच सांगितलं, शब्दही न बदलता:
"जुळवून घे. उलट बोलू नको.
पहिले दिवस जड जातात."
मग जोतिबाचा गुलाल कपाळावर दाबला,
जरा जोरातच.

बंद पाकीट छातीशी धरून सातासमुद्रापार आणलं.
उघडू नये, असं वर लिहिलेलं.
आत सगळं माझंच होतं,
फुफ्फुसाच्या फोटोसकट.

खिडकीतला साहेब म्हणाला, चार बोटं काचेवर.
यंत्र गप्प.
पुन्हा. गप्प.
अंगठा. गप्प.
बावीस वर्षांच्या वाळूनं
रेघा केव्हाच घासून नेलेल्या;
माझ्या बोटांवर कुणीच नव्हतं.
मागची रांग खोकली.
बाहेर ती उभी असेल, पाळी संपवून तशीच,
पायातले पांढरे बूट न बदलता.

साहेबानं स्वतःच्या कपाळावर बोट घासून दाखवलं:
असं कर, तेल लागू दे.
मी घासलं.
विमानात दोनदा तोंड धुतलं होतं,
तरी काचेवर उमटला
गुलाबी, अर्धवट, पण माझा
अंगठा.

त्यानं बघितलं. कागदानं काच पुसली.
काही विचारलं नाही.
धाडकन शिक्का मारला,
आमच्या तलाठ्यासारखा.

पुढं जमिनीवर पिवळी रेघ होती.
उजवा पाय आधी टाकला.
हे आईनं मला सांगितलं नव्हतं,
बहिणीला सांगताना ऐकलं होतं.